आधी एक शिक्षा तरी होऊ द्या

रस्त्यात कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांचा व्हिडिओ आला, की दोन तासांत सगळ्या ग्रुपांवर एकच मागणी सुरू होते. दोन-तीनदा खुनी हल्ल्यात सापडला की थेट जन्मठेप. न्यायाधीशाला विचारायचंच नाही, कायद्यातच लिहून टाका. यातला राग खरा आहे. ज्याच्या दुकानाची काच फुटते, ज्याचं पोरगं क्लासवरून येताना त्या गर्दीत सापडतं, त्याला ‘सुधारण्याची संधी’ वगैरे ऐकवायची माझी छाती नाही. पण मी फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने (हे आधीच सांगितलं, म्हणजे खाली ‘तुमचा धंदाच तो’ असं लिहायचे कष्ट वाचतील), आणि ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ही मागणी होते, त्याला ती बहुतेक लागूच पडणार नाही.

पेपरातली बातमी नीट वाचा. ‘आरोपीवर यापूर्वी अकरा गुन्हे दाखल आहेत.’ दाखल आहेत. त्यातल्या किती खटल्यांत शिक्षा झाली, हे बातमीत नसतं, कारण बहुतेकदा सांगण्यासारखं काही नसतं. काही तपासावर, काही दोषारोपपत्र जाऊन वर्षानुवर्षं पुराव्याच्या टप्प्यावर अडकलेले, काहींत फिर्यादीच फितूर, काही बाहेर मिटलेले, काहींत पंच म्हणतो, ‘सही माझी आहे, पण कागद कशाचा ते मला माहीत नाही.’ ज्याला सगळी गल्ली सराईत म्हणून ओळखते, तो कोर्टाच्या कागदावर पुष्कळदा पहिलटकर असतो. आणि सक्तीची जन्मठेप द्यायची तर मोजायच्या शिक्षा, नुसते गुन्हे मोजून चालत नाही. गुन्हा तर कुणीही कुणावरही दाखल करतं. बांधावरून भांडणारे चुलतभाऊ एकमेकांवर खुनाच्या प्रयत्नाच्या परस्परविरोधी फिर्यादी देऊन मोकळे होतात. त्या मोजायच्या म्हटल्या तर निम्मी भावकी आत जाईल.

सरकारला हे कळत नाही असं नाही. आपल्या राज्याने या अडचणीला वळसा घालणारे कायदेच केले आहेत. १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, घ्या. त्यात आधीची शिक्षा लागत नाही. मागच्या १० वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल झालेली आणि कोर्टाने दखल घेतलेली असली की पुरतं. त्या संघटित गुन्ह्यात जीव गेला तर फाशी किंवा जन्मठेप, नाही तर किमान ५ वर्षं. १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक गुंडांना स्थानबद्ध करण्याचा कायदा, तर खटल्याच्या वाटेलाच जात नाही, वर्षभर स्थानबद्ध करून मोकळा होतो. आणि सगळ्यांत जुनी आपली तडीपारी. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५६ कधी काढून वाचा. कशासाठी तडीपार करता येतं? तर या माणसाविरुद्ध उघडपणे साक्ष द्यायला साक्षीदार स्वतःच्या जिवाच्या नाहीतर मालमत्तेच्या भीतीने पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं तर. म्हणजे साक्षीदार येत नाही हे राज्याने कायद्यातच लिहून ठेवलंय, आणि त्यावरचा उपाय काय, तर गुंडाला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी शेजारच्या जिल्ह्याच्या गळ्यात घालणं. शेजारचा जिल्हा त्यांचे तडीपार आपल्याकडे पाठवतो. फिट्टमफाट.

आता ‘कायदा कडक करा’ म्हणणाऱ्यांसाठी. खुनाला पहिल्याच खेपेला किमान शिक्षा जन्मठेप आहे, दुसरा पर्याय फक्त फाशी. तेव्हा दोनदा खून करणाऱ्याला सक्तीची जन्मठेप हवी, ही मागणी पूर्वीच पुरी झाली आहे. खुनाच्या प्रयत्नात समोरच्याला दुखापत झाली असेल तर तिथेही पहिल्याच खेपेला जन्मठेप देता येते. कलमांची वाण कधीच नव्हती.

याहून कडक कायदाही आपण वापरून पाहिला आहे. भारतीय दंडविधानाचं कलम ३०३ होतं. जन्मठेप भोगत असताना कुणी खून केला तर फाशीच. न्यायाधीशापुढे दुसरा पर्यायच नाही. तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळावं, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. सार एवढंच, की माणूस कोण, कुठल्या प्रसंगात, कशामुळे, हे काही न बघता शिक्षा ठरवायला लावणारा कायदा न्याय्य नाही. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्यातल्या, दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला सक्तीची फाशी सांगणाऱ्या कलमाचाही दात काढला. फाशी ‘दिलीच पाहिजे’च्या जागी ‘देता येईल’. पुढे २०१४ मध्ये संसदेनेही कायद्यात तसा बदल केला. हो, ही दोन्ही प्रकरणं फाशीची होती, जन्मठेपेची नव्हेत. फरक मोठा आहे, मान्य. दंडविधानाच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०३ ची जागा कलम १०४ ने घेतली. आता फाशी किंवा मरेपर्यंत तुरुंग. त्याला कोर्टाने हात लावलेला नाही आणि मला त्यावर फार तक्रारही नाही, कारण तिथे माणूस एका खुनाबद्दल पुराव्यानिशी, अपिलाची वाट मोकळी असताना दोषी ठरलेला असू शकतो. पण अशी माणसं किती? तुमच्या व्हिडिओतला पोरगा त्यांच्यातला नाही.

सक्तीच्या जन्मठेपेचा आपल्याकडचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलच्या आवारातला. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये दंडविधानात कलम ३७६ई आलं. बलात्कारात पूर्वी दोषी ठरलेल्याने पुन्हा तोच गुन्हा केला तर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी, तिसरा पर्याय नाही. त्याच वर्षी शक्ती मिलमध्ये ३१ जुलैला एका टेलिफोन ऑपरेटर मुलीवर आणि २२ ऑगस्टला एका छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. तीन आरोपी दोन्हीकडे तेच. मार्च २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही खटल्यांत त्यांना एकाच दिवशी दोषी ठरवलं, पहिल्यात जन्मठेप झाली, मग त्या आधारावर दुसऱ्यात ३७६ई चा वाढीव आरोप ठेवला गेला आणि ४ एप्रिलला तिघांना फाशी सुनावली गेली.

आता विचार करा. दुसरा गुन्हा करताना त्यांना पहिल्याबद्दल अटकही झाली नव्हती. पहिल्या मुलीची तक्रारच दुसरी घटना उघडकीस आल्यावर पुढे आली. एकदा शिक्षा भोगूनही जो शहाणा होत नाही त्याच्यासाठी हे कलम, असं सांगितलं गेलं होतं. वापरलं गेलं ते ज्यांना पहिल्या बलात्काराबद्दल तोवर एक दिवसाचीही शिक्षा झाली नव्हती त्यांच्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवलं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली, लोकांच्या संतापावर शिक्षा ठरवता येत नाही असंही बजावलं. ते तिघे बाहेर यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या ३१ जुलैनंतर पुढच्या तीन आठवड्यांत पहिली मुलगी पोलिसांत जाऊ शकली असती, तर दुसरी घटना टळली असती. ती का जाऊ शकली नसेल, हे मराठी घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. कलम ३७६ई त्या तीन आठवड्यांत कुणाच्याच कामाचं नव्हतं.

अमेरिकेचा दाखला हमखास येतो, म्हणून तोही उरकते. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप असा कायदा केला. आधीचे दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक हवेत, तिसरा मात्र कोणताही फेलनी दर्जाचा (तिथल्या वरच्या वर्गातला गुन्हा, पण हिंसकच असेल असं नाही) चालेल. एकाने प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फ स्टिका पँटच्या पायात लपवून नेल्या आणि २५ वर्षं ते जन्मठेपेत गेला. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम केली. २०१२ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी कौल देऊन कायदा बदलला, तिसरा गुन्हाही सहसा गंभीर किंवा हिंसकच हवा असं ठरवलं. शिवाय हाणामारीचं वय पंचविशीच्या आसपासचं असतं, हे आपल्याकडचा कुठलाही हवालदार सांगेल. सत्तरीतला गुडघेदुखीचा कैदी सांभाळायला पैसा मात्र लागतच राहतो.

आता मला सगळ्यात जास्त डाचतं ते सांगते. शिक्षा सक्तीची केली म्हणजे कुणाचाच मनमानीपणा उरणार नाही, असं लोकांना वाटतं. तो उरतो, फक्त जागा बदलतो. कोयत्याचा वार दंडावर बसला. हा खुनाचा प्रयत्न, म्हणजे संहितेचं कलम १०९, की घातक हत्याराने दुखापत, म्हणजे ११८? पहिल्यात सक्तीची जन्मठेप आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य त्या एका आकड्यावर ठरणार, आणि तो आकडा पहिल्यांदा कोण लिहितो? पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी, रात्री अकरा वाजता, फोनवर कुणाकुणाचे निरोप येत असताना. आज निदान न्यायाधीश उघड्या कोर्टात कारणं लिहून शिक्षा ठरवतो आणि मला त्यावर अपील करता येतं. कलम कुठलं लागलं यावर होणारी घासाघीस कुठल्या रोजनाम्यात येत नाही. वशिला असलेल्याचं कलम उतरेल, नसलेला मरेपर्यंत आत.

आणि जन्मठेप तरी किती काळाची? १४ वर्षांची नव्हे. ती मरेपर्यंतचीच, हे गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं. लवकर सोडतं ते सरकार. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबईतल्या न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली, गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना सोडलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हा अधिकार गुजरातचा नसून महाराष्ट्राचा, असं सांगून परत आत पाठवलं. तिथे कमी पडलं ते न्यायाधीशाचं पेन नव्हतं.

मग करायचं काय? साक्षीदाराचं बघा. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१७ चा आहे. माझ्या समोर पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या साक्षीदारांपैकी कुणाला तो असल्याचं कुणी सांगितलेलं मी तरी पाहिलं नाही. (बचावाच्या वकिलाने हे बोलावं हा विनोदच, पण असो.) सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्यात) आहे, त्याला माणसं आणि प्रयोगशाळा द्या. मग पंच फितूर झाला तरी हत्यारावरचं रक्त फितूर होत नाही.

आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी कायदा बदलायचाच असेल, तर एक जागा खरोखर रिकामी आहे. न्याय संहितेचं कलम १३, जुन्या दंडविधानातलं ७५. एकदा शिक्षा होऊन पुन्हा तसाच गुन्हा करणाऱ्याला थेट जन्मठेपेपर्यंत वाढीव शिक्षा देण्याची सोय त्यात आहे. कुणासाठी? नाणी-नोटांचे आणि मालमत्तेचे गुन्हे करणाऱ्यांसाठी. चोऱ्या, लूट, दरोडे त्यात येतात. माणसाला भोसकणं येत नाही. इंग्रजांना तिजोरीची काळजी जास्त होती, हे समजू शकतं. पण २०२३ मध्ये सगळे कायदे नव्याने लिहिताना आपणही ते तसंच उतरवून घेतलं. त्यात शरीराविरुद्धचे गंभीर गुन्हे घाला, जन्मठेपेपर्यंतची मुभा ठेवा, सक्ती नको. उद्या असं विधेयक आलं तर मी त्याच्या बाजूने लिहीन, माझ्या काही अशिलांना ते आवडणार नाही तरीही.