पायरसीनं नक्की कुणाचं दुकान बुडतं?

2003 ते 2017 फोंड्याला माझं सीडी लायब्ररीचं छोटं दुकान होतं. दिवसाला दहा रुपये भाडं, परत आलेली सीडी आधी ट्यूबलाईटखाली धरून चरे बघायचे, मग मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसायची. त्यामुळे कोणी 'पायरसीनं इंडस्ट्री बुडाली' असं लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

फूटपाथवर तेव्हा एका डीव्हीडीत पाच पिक्चर मिळायचे, तीस रुपयांत. माझी गिऱ्हाईकं तिकडे गेली, हे खरंच. पण त्यातले निम्मे थेटरात तिकीट काढून बसणारे नव्हतेच हो, मग त्यांचं तिकीट 'बुडालं' असं कसं धरायचं?

युरोपियन कमिशननं एक मोठा अभ्यास करून घेतला होता, तो 2015 ला तयार झाला आणि बाहेर आला 2017 ला (इतकी वर्षं दाबून का ठेवला ते तुम्हीच ओळखा). त्यात गाणी, पुस्तकं, गेम्स यांची विक्री पायरसीनं घटते असा पक्का पुरावा सापडला नाही. नवे हिट पिक्चर मात्र वेगळे, चोरून दहा बघितले की रीतसर बघणं चारनं कमी होतं. म्हणजे मार बसतो, पण ताज्या मोठ्या पिक्चरलाच.

आपल्याकडे 2016 आठवा. 'उडता पंजाब' रिलीजच्या दोन दिवस आधी लीक, 'ग्रेट ग्रँड मस्ती' तर कितीतरी आधी. पहिला तरी चालला, दुसरा आपटला आणि खापर पायरसीवर. 'सैराट'ची कॉपी रिलीजनंतर लगेच मोबाईलवर फिरत होती, माझ्या दुकानात पोरं झिंगत होती, आणि तीच पोरं परत थेटरात जाऊन नाचली!

आता कबुली. शेवटची दोनेक वर्षं मीपण वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देत होतो. चूकच. तो धंदा पोलिसांनी नाही बंद पाडला, 2016 ला जिओ आलं आणि कार्ड भरायला कोणी येईचना. 2023 च्या कायद्यात आता तीन वर्षांपर्यंत कैद आहे, असू दे. पण आईला जुनं मराठी नाटक बघायचं असतं आणि ते पैसे देऊनही कुठे मिळत नाही, शेवटी कोणीतरी टीव्हीवरून उतरवून टाकलेलं धूसर यूट्यूबवरच सापडतं. ती चोरी कुणाची विक्री खाते, सांगा.

बाकी एका म्हापशेकराकडे माझ्या दोन ओरिजिनल सीडी 2011 पासून आहेत. ही पोस्ट तो वाचतो, मला माहीत आहे.