खुलासा : ‘रिअ‍ॅक्ट आलं की झालं’

‘मोठ्या टेक कंपनीत फ्रंट-एंडच्या मुलाखतीला रिअ‍ॅक्ट पक्कं असलं की पुरे, बाकी काही विचारत नाहीत’ असा मेसेज फिरतोय. (फ्रंट-एंड म्हणजे वेबसाइटचा ब्राउझरमध्ये दिसणारा भाग; रिअ‍ॅक्ट ही तो बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच.) हे अर्धसत्य आहे. फेऱ्या कंपनीगणिक बदलतात, पण निव्वळ जावास्क्रिप्ट बहुतेक ठिकाणी विचारतातच, तीही लायब्ररीशिवाय.

नेहमीचा प्रश्न घ्या : सर्च बॉक्समध्ये टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनीच रिक्वेस्ट जाईल असं डिबाउन्स फंक्शन लिहा. दहा-बारा ओळींचं काम. पण जुना टायमर रद्द करायला विसरलात, तर प्रत्येक अक्षराला रिक्वेस्ट जातेच, फक्त उशिरा! (घाईत हमखास होणारी चूक.) किंवा, शून्य मिलिसेकंदांचा सेट-टाइमआउट (ठरावीक वेळाने कोड चालवणारा टायमर) आणि आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसचं (नंतर मिळणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) देन (उत्तर आल्यावर चालणारा कोड), यांत आधी काय चालेल? प्रॉमिसचं, कारण ते मायक्रोटास्कच्या रांगेत लागतं आणि ती रांग टायमरच्या आधी रिकामी होते. रिअ‍ॅक्टचे हुक्स (त्यातली खास फंक्शनं) घोकून हे सुचत नाही.

बटणाऐवजी साधा डिव्ह (पानावरचा नुसता कप्पा) वापरला, तर टॅब दाबून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, हे ठाऊक आहे का, तेही काही मुलाखतकार पाहतात.

त्या मेसेजला जोडलेली ‘अल्गोरिदम नसतातच’ ही पुरवणीही चूक. डॉम (ब्राउझरमधली पानाची रचना) म्हणजे शेवटी ट्रीच, फांद्या फुटत जाणारी मांडणी. ती रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून) फिरून दाखवा म्हणतात.