पाथ म्हणजे स्ट्रिंग नव्हे रे बाबांनो!

एक उलटा स्लॅश. सेटिंगच्या फाइलीत फोल्डरच्या नावाआधी कुण्या शहाण्यानं एक उलटा स्लॅश ठोकला आणि माझा आख्खा शनिवार मातीत गेला. पाथ म्हणजे फाइलीचा पत्ता, आणि आम्ही त्याला स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ, म्हणून वागवतो.

शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. कास्टिंग भरून ट्रक गेटवर उभा आणि हीट नंबरप्रमाणे, म्हणजे वितळणीच्या नंबरप्रमाणे, निघणारी टेस्ट सर्टिफिकेटं गायब. डिस्पॅचच्या मामांचा फोन : "अवो साहेब, ड्रायव्हर शिव्या घालालाय. तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय सेव्ह झालं, आन् फोल्डरात बघितलं तर काय बी न्हाई!" लॉग उघडला. सगळं हिरवंगार. एक एरर नाही, एक वॉर्निंग नाही.

आणि सेव्ह झालंच होतं हो! डी ड्राइव्हवर नाही, सी ड्राइव्हच्या मुळाशी. कारण आपलं लाडकं पाथ.कंबाइन, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधलं पाथचे तुकडे जोडणारं फंक्शन. दुसरा तुकडा स्लॅशनं सुरू झाला की हे महाशय पहिला तुकडा सरळ फेकून देतात. 'डी:\डेटा' गेलं उडत, उरलं नुसतं '\सर्ट्स'. विंडोज सर्व्हिस, म्हणजे मागं गुपचूप चालणारा आमचा प्रोग्रॅम, जन्मते विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये, म्हणजे चालू ड्राइव्ह सी. फोल्डर नव्हतं तर क्रिएट डिरेक्टरीनं हूं की चूं न करता बनवून दिलं. सर्व्हिसला अधिकार सगळे, अडवणार कोण? सी भरत भरत गच्च झाला, तोवर कुणालाच पत्ता नाही. आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे बरं का! म्हणजे बग नाही, ठरवून केलेली वागणूक. पुढं २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ ला पाथ.जॉइन आलं, ते असलं काही करत नाही. पण आमचं प्रोजेक्ट जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर, तिथं ते नाहीच. बसा बोंबलत.

आता कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरला काय म्हणू? वयाच्या जागी नाव दिलं तर आरडाओरडा करतो. पैशाला डेसिमल, तारखेला डेटटाइम, सगळ्यांना मानपान. आणि पाथ? स्ट्रिंग. फाइल? स्ट्रिंग. फोल्डर? स्ट्रिंग. ॲब्सोल्यूट (मुळापासूनचा पूर्ण पत्ता) असो, रिलेटिव्ह (इथून पुढचा) असो, स्ट्रिंगच. अरे, तांबडा आणि पांढरा दोन्ही पातळच की, म्हणून एकाच पातेल्यात ओतता काय रे?

आमच्या कोडमध्ये एक फंक्शन आहे, त्याला ओळीनं तीन स्ट्रिंगा आणि शेवटी एक बूल, म्हणजे हो की नाही. पहिली कुठून, दुसरी कुठं, तिसरी काय ते लिहिणाऱ्यालाही आता आठवत नाही. मागं कुणीतरी पहिल्या दोन्हींची अदलाबदल केली आणि अर्काइव्हच्या जुन्या फाइली ताज्या फाइलींच्या डोक्यावर जाऊन बसल्या. कंपायलर खूश, रिव्ह्यू करणारा खूश.

आणि हा स्लॅश उलटा का, तर १९८३ मध्ये विंडोजच्या आधीच्या डॉस २.० ला फोल्डर आले तेव्हा सुलटा स्लॅश आधीच कमांडच्या स्विचला, म्हणजे पर्यायांना, देऊन बसले होते. त्याचं भोगतोय कोण? राजारामपुरीत बसून मी! त्या उलट्याचंच पुढं कोडमध्ये 'सी:\new\test' लिहिलं की एन ची होते नवी ओळ आणि टी चा होतो टॅब. मग पाथला २६० अक्षरांची मर्यादा. 'कॉन' नावाची फाइल चालत नाही. विंडोजवर 'रिपोर्ट्स'चा आर कॅपिटल काय, स्मॉल काय, सगळं चालतं; लिनक्सवर चढवलं की फाइल सापडत नाही. मराठी नावांचं तर बोलूच नका. जुन्या मॅकवर 'कोऱ्या पावत्या' म्हणून सेव्ह करा, 'ऱ' चा आतल्या आत 'र' आणि नुक्ता होतो. लिनक्सवर आलं की डोळ्यांना नाव तेच, मशीनला भलतंच. आणि शेवटी स्लॅश लावायचा का नाही, यावर टीममध्ये दोन तट. ते प्रकरण मी काढतच नाही.

काल रात्री हे सगळं हातवारे करून घरी सांगत होतो. बायको शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "एवढ्या तावानं टाकीच्या पाण्यावरून वरच्या मजल्याशी भांडला असतास तर आज नळाला पाणी असतं." बरोबर आहे. चाळिशीला आलेला माणूस एका तिरक्या रेघेवरून रक्तदाब वाढवून घेतोय.

पण मी गप्प बसणार नाही! जावा भाषेला २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत पाथचा वेगळा टाइप, म्हणजे स्वतःचा प्रकार, मिळाला, पायथनला २०१४ मध्ये पाथलिब, सी प्लस प्लसला १७ च्या स्टँडर्डमध्ये. आणि तिथंही पूर्ण सुख नाही. पाथलिबमध्ये पुढचा तुकडा स्लॅशनं सुरू करून बघा, मागचा तसाच उडतो. टाइप आहे, पण ॲब्सोल्यूट का रिलेटिव्ह हे टाइपला माहीतच नाही! खरं काम केलंय हास्केल भाषेच्या त्या पाथ लायब्ररीनं : ॲब्सोल्यूट-रिलेटिव्ह वेगळं, फाइल-फोल्डर वेगळं, भलतं जोडलंत तर कंपाइलच होत नाही.

तेवढंच मी इथं केलं. चार छोटे स्ट्रक्ट, म्हणजे आपले स्वतःचे चार टाइप. ॲब्सोल्यूट फोल्डरला फक्त रिलेटिव्हच जोडता येतं. सेटिंगमधला तो स्लॅश आता सर्व्हिस सुरू होतानाच अडकतो, ट्रक गेटवर आल्यावर नाही.

पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे बदल टीमकडं मंजुरीला. पहिली कॉमेंट : "एवढ्याशा गोष्टीला क्लास कशाला, भावा?" दुसरी, त्याच गड्याची : "पीडीएफची लायब्ररी स्ट्रिंग मागते, ईमेलची स्ट्रिंग मागते, झिपवाली पण. सगळीकडं टूस्ट्रिंग लावून परत स्ट्रिंग करून दे, मग अप्रूव्ह करतो."