एका घटकात नापास म्हणजे लॅब बंद? नाही

कॅलिफोर्नियातल्या गांजा तपासणाऱ्या लॅबबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय: प्रोफिशन्सी टेस्टमध्ये, म्हणजे लॅबच्याच परीक्षेत, लॅब नापास झाली की लायसन्स रद्द, पास झाली की पाकिटावरचा टीएचसीचा (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा) आकडा डोळे झाकून मानावा. दोन्ही चूक.

तिथे परवानाधारक लॅबला दर सहा महिन्यांत किमान एकदा ही चाचणी द्यावी लागते. बाहेरची संस्था नमुना पाठवते. त्यात काय किती आहे हे लॅबला सांगितलेलं नसतं. तपासणी रोजच्याच पद्धतीने, रोजच्याच माणसांनी, रोजच्याच यंत्रांवर करायची. नमुन्याची जावयासारखी बडदास्त चालत नाही.

निकाल घटकानुसार लागतो. समजा शिशाचा आकडा चुकला, तर शिशाचे रिपोर्ट थांबतात. कारण शोधून दुरुस्ती करायची, तसा लेखी अहवाल राज्याच्या गांजा नियंत्रण खात्याला द्यायचा, मग पुन्हा सुरू. 'असमाधानकारक' तर सोडाच, नुसता 'शंकास्पद' शेरा आला तरी हेच. साधारणपणे झेड-स्कोअर, म्हणजे लॅबचा आकडा अपेक्षित आकड्यापासून किती लांब गेला याचं माप, 2 ते 3 च्या मध्ये पडला की हा शेरा मिळतो. आता शिशाची तपासणी सक्तीची असल्यामुळे धंद्याला फटका बसतोच, पण ते लायसन्स जाणं नव्हे.

दुसरा दावा जास्त घातक आहे. आलेला नमुना परीक्षेचा आहे हे लॅबला माहीत असतं. त्यामुळे लॅबला काम जमतं एवढंच सिद्ध होतं. गिऱ्हाइकाचा माल तितक्याच प्रामाणिकपणे तपासला, हे नाही. टीएचसी चढवून दाखवणाऱ्या लॅबकडे उत्पादकांचा ओढा असतो, ही तिथली जुनी तक्रार. म्हणून तर 2024 च्या सुरुवातीपासून गांजाच्या सुक्या फुलांसाठी सगळ्या लॅबना टीएचसी मोजण्याची एकच ठरलेली पद्धत सक्तीची झाली.