लिमिट स्ट्रॅपऐवजी साखळी लावा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या ऑफ-रोडिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लिमिट स्ट्रॅप हा पैसे काढायचा धंदा आहे, कारण शॉकअपच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) आत, तो पूर्ण उघडतो तिथे अडवणारा स्टॉप असतोच. स्ट्रॅपने गाडीचं आर्टिक्युलेशन, म्हणजे एक चाक वर आणि दुसरं खाली जाण्याची मोकळीक, मरतं. तरी हौस असेल तर साखळी नाहीतर वायर रोप लावा, ती ना ताणते ना तुटते. लांबी शॉकअप पूर्ण उघडून मोजा. आणि एकदा लावलं की विसरून जा.

माझ्या भाच्याने हे वाचून सियागंजातून साखळी आणली आणि थारच्या चेसिसला हुक वेल्ड करून घ्यायला निघाला. ‘मामा, चांगला वेल्डर सांग’ म्हणून फोन आला तेव्हा मला कळलं. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः असं काही लावून गाडी जाम गेटचा घाट उतरवली असेल यावर माझा विश्वास नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: लिमिट स्ट्रॅप म्हणजे नायलॉनची अनेक पदरी शिवलेली पट्टी. एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला (चाकांमधल्या आडव्या दांड्याला) किंवा चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला. चाक हवेत लोंबकळलं की शॉकअप पूर्ण उघडण्याआधी ही पट्टी त्याला थांबवते.

साखळीचं आधी बोलू, कारण बाकीच्या चुकांनी शॉकअप जाईल, हिने ब्रेक जाऊ शकतात.

ती ताणत नाही हा तिचा गुण म्हणून सांगितलाय. तिथेच सगळं चुकलंय. खाली येणाऱ्या चाकाला थांबवायचं तर त्याची गतिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे अकरावीत सगळ्यांनी केलंय. चाक, टायर, हब आणि ॲक्सलचा त्या बाजूचा वाटा मिळून 60 किलो धरा. दगडाच्या कडेवरून चाक सुटलं आणि सेकंदाला 2 मीटर वेगाने खाली आलं. ऊर्जा झाली 120 ज्यूल. साखळी आणि तिचा ब्रॅकेट मिळून 3 मिलिमीटर हलले आणि चाक थांबलं, तर सरासरी बल 40,000 न्यूटन, म्हणजे 4 टनांच्या आसपासचा भार. तेच चाक फूटभर लांबीच्या नायलॉनने 25 मिलिमीटर ताणत थांबवलं, तर 4,800 न्यूटन, म्हणजे 500 किलोच्या आत. आकडे ढोबळ आहेत, स्प्रिंगचा रेटा यात धरलेला नाही. पण कुठल्याही गाडीचं वजन घालून पाहा, फरक असाच काहीपटींचा निघेल.

आता ‘तुटत नाही’. कबूल, चांगली साखळी नाही तुटणार. मग तो 4 टनांचा झटका जातो कुठे? ब्रॅकेटवर आणि वेल्डवर. प्रत्येक झटक्याला वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर वाढत जाते. वरून काळ्या मातीचा थर असतो, त्यामुळे ती दिसत नाही. एक दिवस ब्रॅकेट चेसिसचा तुकडा घेऊन सुटतो. त्यानंतर ॲक्सल लटकतो शॉकअपवर आणि ब्रेकच्या होस पाइपवर. होस फाटला की ब्रेकच्या दोन सर्किटांपैकी एक गेलं, आणि उतारावर अर्ध्या ब्रेकने गाडी कशी आवरायची ते मेसेजवाल्याने सांगावं.

शिवाय चाक वर जातं तेव्हा साखळी ढिली पडते. तिचा झोळ ब्रेक लाइनवर घासतो, नाहीतर बम्प स्टॉप (चाक वर जाताना अडवणारं रबर) आणि ॲक्सलच्या मध्ये सापडतो. वायर रोपचं वेगळंच: क्लॅम्पजवळच्या तारा आतल्या आत तुटत जातात, बाहेरून दोर धडधाकट दिसतो. जुना सीट बेल्ट लावायचा सल्लाही मी ऐकलाय. तो बहुधा पॉलिएस्टरचा असतो, नायलॉनपेक्षा कमी ताणतो, आणि एकपदरी. नको.

शॉकअपच्या आतल्या स्टॉपबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. कंपनीची गाडी कंपनीच्याच सस्पेन्शनवर असेल, तर तिचा खाली लोंबण्याचा हिशेब कंपनीने केलेला असतो. रविवारी चोरल-पातालपाणीला जाऊन येणाऱ्या अशा थारला स्ट्रॅपची गरज नाही, आणि तिला तो विकणारा दुकानदार खरंच पैसे काढतोय. पण भाच्याच्या गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) आहे, लांब शॉकअप आहेत, टायर जड आहेत. म्हणजे कंपनीचा हिशेब केव्हाच मोडला. आतला तो छोटा स्टॉप रोज जड ॲक्सल झेलायला बनवलेला नसतो. आधी पिस्टन आणि सील जातं, मग वरचा माउंट. मागची कॉइल स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. पुढे नव्या थारला डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आहे, तिथे चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट नको तेवढ्या कोनात वाकतो.

आर्टिक्युलेशन मरतं म्हणे. मरतो तो शेवटचा इंचभर, जिथे शॉकअप तसाही ठोकर खाणार होता. मागच्या सरळ ॲक्सलला एकच स्ट्रॅप मधोमध लावला तर तेवढंही जात नाही. एक चाक खाली आणि दुसरं वर गेलं की ॲक्सलचा मध्य जवळपास जागेवरच राहतो, स्ट्रॅप ताठच होत नाही. दोन्ही चाकं एकदम सुटली तरच तो धरतो.

लांबीचा सल्ला मात्र पैसे खर्च करून शॉकअप फोडायचा आहे. नायलॉनचा स्ट्रॅप भाराखाली फुटाला साधारण इंचभर ताणतो. शॉकअप पूर्ण उघडून घेतलेल्या मापाचा स्ट्रॅप ताणेपर्यंत शॉकअप आधीच ठोकलेला असतो.

मापायचं असं. चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, चाकं काढा, कॉइल काढा, ॲक्सलखाली जॅक द्या. हळूहळू खाली सोडत बघा आधी काय संपतं: शॉकअप, होस पाइप, की प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट. जे आधी संपेल ते तुमचं माप. समजा तिथे स्ट्रॅपच्या दोन भोकांच्या मध्यांत 15 इंच भरले, तर स्ट्रॅप 13 इंचांचा घ्या. ताणून तो 14 होईल, एक इंच हातात राहील. स्ट्रॅप शॉकअपला लागून आणि शक्य तितका उभा असेल तरच हा हिशेब. आर्मवर आतल्या बाजूला लावला तर गणित बदलतं. मग ॲक्सल बम्प स्टॉपपर्यंत वर उचला आणि स्ट्रॅपची घडी टायरला, सायलेन्सरला किंवा धारदार कडेला लागत नाही ना हे टॉर्च धरून बघा. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडायची भीती असते.

आणि ‘लावून विसरा’ हे माळव्यात तर चालूच शकत नाही. पावसाळ्यातला चिखल विणीत शिरतो, वाळला की त्यातली कच धागे कापते. चिखलातून आलात की स्ट्रॅप पाण्याने धुवा, शिलाईवर बोट फिरवून बघा, सायलेन्सरच्या बाजूने कडक झालाय का तपासा. नवा लावताना भोकांमधलं माप लिहून ठेवा. पुढे कधी ते वाढलेलं दिसलं, तर पट्टी कितीही चांगली दिसो, बदला.