आईची पाण्याची बाटली

आज सकाळी आमच्या इमारतीखाली एक कुटुंब कोकणात निघाले होते. बॅगा चढवून झाल्या, मुलांचे खिडकीवरून भांडण झाले, आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आजी कठडा धरून हे सारे पाहत उभ्या होत्या. "आईंना नाही नेत?" असे मी विचारले, तर उत्तर आले, "तिला आता प्रवास झेपत नाही हो, उगाच तिचे हाल." आजींना ते ऐकू गेले असावे, कारण त्या लगेच आत गेल्या. तेव्हापासून कामात लक्ष नाही, म्हणून लिहायला बसलो.

"झेपत नाही" हे मीही अनेक वर्षे म्हणत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र 76 वर्षांच्या आईला गाडीत बसवून पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर आणि गणपतीपुळे असा चार दिवसांचा प्रवास केला. कोयनानगरला उतरताना तिच्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली मी उचलली. सकाळी घरून भरली होती, तशीच ती काठोकाठ भरलेली होती. इतक्या तासांत तिने एक घोटही घेतला नव्हता. विचारले तर म्हणाली, "सारखी गाडी थांबवायला लावायची म्हणजे तुझाच खोळंबा."

मला आधी तिचा राग आला आणि मग स्वतःचा. वाटेत दोनदा मी "थांबायचे का?" असे विचारले होते, पण ते घड्याळाकडे बघत विचारले होते, आणि आईला ते कळत नसेल असे मला का वाटले कोण जाणे.

आपल्या आया प्रवासाला निघताना आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? त्याचे कारण त्यांचे वय नाही. एका पंपावर शौचालयाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे तिथल्या कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या ठिकाणी दार उघडे होते, पण आत पाणी नव्हते आणि बसायला फक्त भारतीय भांडे, जिथे गुडघे न वळणाऱ्या बाईने काय करायचे? रस्ते रुंद करणाऱ्यांना आणि दर मैलावर फलक लावणाऱ्यांना ही एवढी गोष्ट सुचत नाही, याची मला संतापजनक लाज वाटते. प्रत्येकीची प्रकृती प्रवासाजोगी नसते, हे मान्य. डॉक्टरांनी नको म्हटले तर विषय संपला. पण आपल्यापैकी किती जणांनी डॉक्टरांना विचारले आहे?

आणि नेले नसते, तर मला काय ऐकायला मिळाले नसते, तेही सांगतो. कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरण समोर दिसते. मी त्या 103 मीटर उंच भिंतीचा फोटो काढत होतो आणि आई तिच्याकडे पाठ करून पाटणच्या बाजूला बघत होती. तिचे माहेर त्याच बाजूचे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती 18 वर्षांची होती. मांडणीवरची भांडी अंगावर आली, आजीने तिला हाताला धरून अंगणात ओढले, आणि त्यानंतर कितीतरी रात्री सगळे गाव थंडीत उघड्यावर झोपत होते, हे तिने मला तिथल्या बाकावर बसून सांगितले. घरात दिवाणखान्यात बसून हे कधी निघाले नव्हते. ते सांगता सांगता तिने ती भरलेली बाटली उघडली आणि अर्धी संपवली.

पुढचा प्रवास आम्ही तिच्या चालीने केला. तासा-दीड तासाने, तिने म्हणायची वाट न बघता, गाडी थांबायची. गाडीची पायरी उंच पडते म्हणून घरचा पाट बरोबर होता, आणि घाटात गाडी लागू नये म्हणून तोंडात आवळासुपारी. हेदवीच्या गणपतीचे दर्शन झाले, पण तिथली समुद्रकाठच्या खडकातली बामणघळ राहिली, कारण खडकांवरून चालणे तिला शक्य नव्हते. राहिली तर राहिली. तवसाळहून जयगडला फेरीबोटीत गाडी चढली, तेव्हा ती काच खाली करून खाडीचा वारा घेत बसली, आणि थोड्या वेळाने स्वतःहून उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. गणपतीपुळ्याला डोंगरच देव, त्यामुळे प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची. ती सभामंडपात टेकली आणि म्हणाली, "माझ्या वाटची तूच घाल." मी घातली.

सकाळच्या त्या गॅलरीतल्या आजींनाही कुठलेतरी पाटण असेल. त्यांचा मुलगा वाईट नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटते.

परतीच्या दिवशी कुंभार्ली घाट चढून आम्ही वर आलो. मी विचारण्याआधीच आई म्हणाली, "गाडी थांबव रे, मला जाऊन यायचे आहे." उंब्रजला पोहोचलो तेव्हा बाटली रिकामी होती आणि ती म्हणाली, "भरून घे."