ढीग म्हणे!

आज सकाळी इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर एक फोटो आला आणि डोकंच फिरलं. इंग्लंडमधल्या सटन हूला पिकनिक, दोरी ओलांडून पोरं थेट टेकाडावर, वर कॅप्शन 'फुकटची घसरगुंडी'. मी लिहिलं, अहो थडगी आहेत ती, तर उत्तर आलं की मातीचा ढीगच तर आहे, एवढं काय!

माती आहे म्हणूनच तर! सातव्या शतकाच्या सुरुवातीला अँग्लो-सॅक्सन लोकांनी, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी, इथे 27 मीटरचं अख्खं जहाज नदीवरून चढावर ओढत आणून पुरलं, आत बहुतेक तिथला राजा रेडवाल्ड, खजिन्यासकट. 1939 मध्ये उत्खनन करणाऱ्या बेसिल ब्राऊननं उकरलं तेव्हा लाकूड नाही, हाड नाही, आम्लधर्मी मातीनं सगळं खाल्लेलं. खजिना मिळाला, पण जहाजाचं म्हणाल तर फळ्या जोडणाऱ्या लोखंडी रिव्हेटच्या रांगा आणि वाळूत उमटलेला जहाजाचा आकार, बस. पुढे युद्धात तिथे लष्कराच्या गाड्या फिरल्या आणि त्या आकाराचीही नासधूस झाली. तो कुठल्या म्युझियममधून परत आणणार?

माझे बाबा साताऱ्याकडचे, जन्म शेतीत गेला. त्यांना घेऊन गेले होते तेव्हा गाइडनं सांगितलं की टेकाडाची एक बाजू जुन्या नांगरटीत कापली गेली होती, त्यामुळे पूर्वी चोरांनी मध्य समजून खड्डा खणला तो भलतीकडेच आणि खजिना वाचला. मी मराठीत सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, "म्हंजी नांगरानंच राखलं की!" आणि माझा मुलगा दोरीला रेलला तर त्याला दटावलं, "सरळ उभा ऱ्हा, कुनाचं तरी मानूस हाय तितं." कायदा वगैरे त्यांना कुणी सांगितला नव्हता.

कायदा आहेच. संरक्षित स्मारक आहे, नुकसान केलं किंवा परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवला तरी गुन्हा.

आता कुणीतरी म्हणेलच की इंग्रजांनी आपलं काय काय उचलून नेलं ते आधी बोला. खरंय, त्यावर बोलूच. पण हा खजिना त्यांच्याच मातीतला, जमिनीच्या मालकीणबाई एडिथ प्रिटी यांनी स्वतःहून ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलेला.

पोरांवर माझा राग नाही हो, पोरं उड्या मारणारच. बाबांनी एक वाक्य बोलल्यावर माझा लेक नंतर कुजबुजतच बोलत होता, इतकं सोपं असतं ते. सोबतच्या मोठ्यांपैकी एकाला तरी बोलता आलं नाही?

तो फोटो आजच्या आज काढा. उंचावरून फोटो हवा असेल तर शेजारी त्यासाठीच टॉवर बांधलाय, त्यावर चढा.